एका ‘असावा’ची गोष्ट

माझा नातू पुण्याला एका कंपनीत नोकरीला लागला, तेव्हा मी त्याला सहज विचारले, “काय काम असतं रे तुला?”

“पब्लिक रिलेशन्स, आजी.”

“म्हणजे काय करायचं?”

“कंपनीचं नाव लोकांत चांगलं ठेवायचं.”

“अरे, माल चांगला दिला की नाव आपोआप चांगलं राहतं. त्यासाठी पगारी माणूस कशाला?”

नातू हसला. म्हातारीला समजावून सांगण्याच्या सुरात म्हणाला, “आजी, रिलेशन्स म्हणजे नाती. कंपनीची आणि लोकांची नाती जोडायची आणि सांभाळायची.”

आता मात्र मी कान टवकारले. नाती सांभाळणे हा काही त्याच्या कंपनीने लावलेला शोध नव्हे. माझे माहेर शिरूरचे आणि सासर दौंडचे. दोन्ही गावे पुणे जिल्ह्यातलीच, पण तऱ्हा निराळ्या. शिरूर म्हणजे जुन्या माणसांचे घोडनदी. नगर रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. दौंड म्हणजे भीमेकाठचे रेल्वेचे जंक्शन. तिथे घड्याळापेक्षा गाड्यांवर वेळ ओळखतात. न्हावरे, चौफुला, पाटस असे करत या दोन गावांमध्ये मी पन्नास वर्षे फेऱ्या घातल्या. त्यातून एक गोष्ट शिकले. नाती जुळतात ती अक्षता पडताना. पण ती टिकणार की नाही, हे कळते वरण खारट झाल्यावर. अशा वेळी एखादी विहीण म्हणते, “माझ्याच हातून मीठ जास्त पडलं हो.” दुसरी म्हणते, “तुमच्या गावचं पाणीच मचूळ असावं.” पहिलीच्या घरी आपण पुन्हा जातो. दुसरीच्या घरी जावे लागते, म्हणून जातो.

कंपन्यांचेही असेच असते. हे मला पटले ते आमच्या शिरूरच्या दुकानात, वयाच्या तेराव्या वर्षी.

शिरूरच्या पेठेत अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, किराण्याचे दुकान होते. दुकान लहान, पण बाक मोठा. त्या बाकावर रोज संध्याकाळी शाळेचे इंग्रजीचे मास्तर येऊन बसत. अण्णांनी घेतलेले वर्तमानपत्र मास्तर मोठ्याने वाचत आणि अण्णा पुड्या बांधता बांधता ऐकत. चीनच्या लढाईपासून साखरेच्या भावापर्यंत सगळ्या विषयांवर त्या बाकावर निकाल लागत. त्या दोघांचे नाते रक्ताचे नव्हते, पण मास्तर एक दिवस आले नाहीत, तर अण्णा मला त्यांच्या घरी पाठवून चौकशी करत.

१९६६ च्या उन्हाळ्यात एका चहाच्या कंपनीची मोटार गावात आली. कंपनीचे नाव इथे घेत नाही. मोटारीवर कर्णा होता, आत गाण्याच्या तबकड्या होत्या. भर बाजारात त्यांनी मोठे भांडे चुलीवर चढवले आणि येईल त्याला फुकट चहा पाजला. रात्री पांढऱ्या पडद्यावर सिनेमा दाखवला. आम्ही मुले तर त्या मोटारीमागे नदीपर्यंत धावत गेलो. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने अण्णांच्या दुकानावर एक झकास पत्र्याची पाटी ठोकली. हिरवी जमीन, पिवळी अक्षरे आणि कपबशी हातात धरून हसणारी बाई. ती बाई आमच्या आईपेक्षा कितीतरी निवांत दिसत होती. अण्णांनी दोन पेट्या माल घेतला.

श्रावण सरता सरता गिऱ्हाइके पुडे परत आणू लागली. चहाला कुबट वास येत होता. अण्णांनी एक पुडा फोडला, दुसरा फोडला. सगळ्यांना तोच वास. नव्या, खिळेबंद पेटीतल्या पुड्यांनाही तोच. अण्णांनी काय करावे? ज्याने पुडा परत आणला, त्याला त्यांनी मुकाट्याने पैसे दिले. ज्याने पुडा संपवून तक्रार केली, त्यालाही दिले. आणि कंपनीला मुंबईला पत्र धाडले.

पंधरवड्याने उत्तर आले. असा गुळगुळीत, जाड कागद आम्ही कधी पाहिला नव्हता. वर कंपनीचे नाव उठावाच्या अक्षरांत छापलेले. मजकूर इंग्रजी. अण्णांचे इंग्रजी चहाच्या पुड्यावरचे नाव वाचण्याइतकेच. ते संध्याकाळपर्यंत थांबले आणि मास्तर आले तसे त्यांनी कौतुकाने पत्र त्यांच्या हाती दिले. बाकावर आणखी दोघेतिघे बसले होते. मास्तरांनी चष्मा पुसला आणि एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागले. आभार, आनंद, सदिच्छा वगैरे झाल्यावर शेवटचे वाक्य आले. “आमच्या कारखान्यातून माल उत्तम स्थितीतच बाहेर पडतो. तरी आपल्या दुकानात तो ओलीत ठेवला गेला असावा.”

बाकावर कुणी बोलले नाही. मास्तरांनी कागदाची घडी घालून तो परत दिला.

वाचकहो, शिरूर हे अवर्षणातले गाव. मृगापासून देव पाण्यात घालून बसावे, तेव्हा कुठे चार शिंतोडे पडायचे. तिथे चहाला ओल लागणार कुठून? पण हे अण्णांना त्या क्षणी सुचले नाही. त्यांचा चेहरा मात्र मला आजही दिसतो. न केलेल्या चोरीबद्दल भर वर्गात उभे केलेल्या मुलाचा चेहरा असतो ना, तसा.

आठवड्याभरात पेठेत कुजबुज सुरू झाली. ‘असावा’चे ‘आहे’ व्हायला बाजारात वेळ लागत नाही. ‘ओलीत ठेवला असावा’चे ‘भिजलेला माल वाळवून विकला’ झाले आणि मग एक शब्द आला, तो म्हणजे भेसळ. १९५४ साली भेसळीविरुद्धचा कायदा झालेला होता आणि नमुना घ्यायला येणाऱ्या इन्स्पेक्टरची दुकानदारांना धास्ती असे. पण इन्स्पेक्टर परवडला. तो नमुना घेतो, तपासतो, मग बोलतो. गाव तपासत नाही.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. अण्णांनी मला चौकशीला पाठवले नाही. वर्तमानपत्र दुकानात तसेच घडीचे पडून राहू लागले आणि महिन्याअखेरीला अण्णांनी ते बंद केले. उरलेला सगळा चहा त्यांनी परसात ओतला. ती हसऱ्या बाईची पाटी काढून आईने पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. पुढे कित्येक वर्षे ती बाई आकाशाकडे पाहून हसत होती.

अण्णांना दाद मागायला जागा कुठे होती? पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली. ग्राहक संरक्षण कायदा झाला १९८६ मध्ये. १९६६ साली शिरूरच्या एका वाण्याकडे होते ते फक्त एक पोस्टकार्ड. आणि ते त्याने खर्च केले होते.

सगळ्याच कंपन्या अशा असतात, असे मात्र कुणी समजू नये. आपल्या महाराष्ट्रात या ‘पब्लिक रिलेशन्स’चा उत्तम धडा ते नाव कानी पडण्याआधीच गिरवला गेला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर पडून राहिले. गिऱ्हाईक अडाणी आहे म्हणून लक्ष्मणराव हात झटकून मोकळे झाले नाहीत. लोकांची खात्री पटेपर्यंत ते धीराने थांबले. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची आणि गिऱ्हाइकांची ओळख राहावी म्हणून निघालेले ते लहानसे पत्र वाढत वाढत घराघरांतले मासिक झाले. नांगर घेणाऱ्याच्या घरी कथा, विचार आणि ‘स्त्री’सारखे भावंड घेऊन येणारी कंपनी! नाते जोडणे म्हणतात ते हे. कर्णा लावून ते जोडता येत नाही.

माझ्या स्वतःच्या घरात असे नाते जुळले ते दौंडला, १९७९ साली. आमचे ‘हे’ रेल्वेत गार्ड. क्वार्टर दोन खोल्यांचे. ओट्यावर धुतलेले भांडे पुन्हा पुसून घ्यावे लागे, इतका इंजिनांचा धूर. तिथे मी हट्टाने प्रेशर कुकर आणला. सासूबाईंना ते ‘शिट्टीचं भूत’ मुळीच पसंत नव्हते. “स्टेशनावर शिट्ट्या काय कमी होत्या, म्हणून घरात आणखी एक?” असे त्या म्हणत. आणि एके दिवशी नेमके व्हायचे ते झाले. कुकर उचलताना त्याची मूठच निसटली आणि गरम वरणाचा लोट सासूबाईंच्या पायावर आला.

पाय भाजला. मी रडून घेतले आणि मग कंपनीला पत्र लिहिले. मराठीतच लिहिले. उत्तर काय येणार, हे मी शिरूरला शिकून आले होते. ‘आपण मूठ नीट धरली नसावी.’

उत्तर आलेच नाही. पंधरा दिवसांनी पुण्याच्या पॅसेंजरने एक मनुष्य आला. हातात पिशवी, घामाने भिजलेला सदरा. दारातच त्याने माझे पत्र दाखवले. मी कुकर आणायला वळले, तो म्हणाला, “कुकर नंतर बघू. आजींचा पाय कसा आहे?”

सासूबाई आतून लंगडत आल्या. त्याने पाय पाहिला, डॉक्टरांचा खर्च विचारला, मग कुकर घेतला, आणि मुठीचा स्क्रू निरखून म्हणाला, “चूक आमची आहे. या खेपेच्या मुठींत दोष राहिलाय.” नसावा नाही, असावा नाही. आहे! नवी मूठ बसवून झाल्यावर त्याने विचारले, “कॉलनीत आणखी कुणी हा कुकर घेतलाय का?” माझ्या मुलाचे बोट धरून तो उन्हात घरोघर फिरला. तशाच मुठींचे चार कुकर निघाले. चारही मुठी बदलून, आमच्याकडे पिठलेभाकरी खाऊन, संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला नाही की कुणी कर्णा वाजवला नाही. पण त्या वर्षी आमच्या कॉलनीत ज्यांनी ज्यांनी कुकर घेतला, त्यांनी तोच घेतला. चहाच्या कंपनीचे नाव सांगितले नाही, तेव्हा याही कंपनीचे सांगत नाही. उगाच जाहिरात नको. सासूबाईंनी मात्र दिवाळीत फराळाचा एक डबा बाजूला काढला होता. “तो कुकरवाला मुलगा आला तर?” तो काही आला नाही. डबा आम्हीच भाऊबीजेनंतर संपवला.

पुढे जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या बातम्या वाचताना मी याच दोन मापांनी त्या मोजत आले. १९८२ साली अमेरिकेत शिकागो भागात टायलेनॉल नावाच्या गोळ्यांत कुणा माथेफिरूने विष घातले आणि सात माणसे दगावली. विष कारखान्यात पडलेले नव्हते. ‘आमच्याकडून माल उत्तम स्थितीतच बाहेर पडला’ असे त्या कंपनीला खरोखरच म्हणता आले असते. तरी तिने देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागवल्या आणि पुढे उघडल्याशिवाय हात लावता येणार नाही असे बंद झाकण आणले. आज आपण औषधाच्या बाटलीचे सील तपासून घेतो, त्या सवयीमागे ही कहाणी आहे.

आणि ऑक्टोबर २००३. दिवाळी तोंडावर आलेली. मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटांत अळ्या सापडल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. शिरूरच्या दुकानात तेव्हा माझा भाऊ बसत असे. दिवाळीच्या भेटीसाठी त्याने चॉकलेटे भरून ठेवलेली. मी दौंडला पेपर उघडला आणि कंपनीचे पहिले म्हणणे वाचले. दुकानदारांनी माल नीट साठवला नसावा, अशा अर्थाचे. पेपर माझ्या हातातच राहिला. सदतीस वर्षांनी तोच ‘असावा’ माझ्यासमोर छापून आला होता!

प्रशासनाचे म्हणणे पडले की, वेष्टनच पुरेसे घट्ट नाही. दुकानदाराच्या फडताळात काय आहे, यापासून मालाचे रक्षण करणे हेही वेष्टनाचेच काम ना? त्यानंतर मात्र कंपनीने पवित्रा बदलला. ‘विश्वास’ नावाची मोहीम काढून तिची माणसे दुकानादुकानांत गेली, माल कसा ठेवावा हे दाखवू लागली, तपासू लागली. जानेवारी २००४ पासून चॉकलेट नव्या, हवाबंद वेष्टनात आले आणि अमिताभ बच्चन जाहिरातीत येऊन लोकांना भरवसा देऊ लागले. लोक म्हणतात, बच्चनमुळे कंपनी तरली. मला तसे वाटत नाही. बच्चन जुन्याच कागदातले चॉकलेट हातात धरून उभे राहिले असते, तर? कंपनी तरली ती कागद बदलल्यामुळे. दोष दुकानदाराच्या अंगावरून काढून तिने स्वतःच्या वेष्टनावर घेतला, त्या दिवशी ती अर्धी सावरली.

२०१५ सालची मॅगीची गोष्ट तर आमच्या घरातल्या मुलांना पाठ आहे. ५ जूनला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिशाच्या कारणावरून तिच्यावर बंदी घातली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीचे म्हणणे नीट ऐकले गेले नव्हते आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी झाली नव्हती, म्हणून. न्यायालयाने तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी सांगितली; तिच्यात माल निर्दोष ठरला आणि नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमाराला, पिवळी पाकिटे परत दुकानात आली. कंपनी न्यायालयात जिंकली हे खरे. पण आधीचे कित्येक दिवस आया मुलांच्या ताटलीकडे धास्तावून पाहत होत्या, तेव्हा त्यांच्याशी त्यांना समजेल अशा भाषेत कुणी बोलले नव्हते. खरे असणे आणि खरे वाटणे यांत अंतर असते. ते वेळेवर आणि साध्या शब्दांत बोलल्यानेच भरून निघते. अण्णाही निर्दोषच होते. त्यांना उच्च न्यायालय मिळाले नाही, इतकेच.

अण्णा १९८१ साली गेले. १९८४ च्या मे महिन्यात एका दुपारी ‘हे’ ड्यूटीवरून येताना एका म्हाताऱ्या गृहस्थाला बरोबर घेऊन आले. मनमाडकडची गाडी तीन तास उशिरा, स्टेशनावर चक्कर येऊन बसले होते, शिरूरचे म्हणाले, म्हणून घरी आणले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि पाहते तो मास्तर!

त्यांनी मला ओळखले नाही. मी नाव सांगितले. मग चहा ठेवला. कप हातात घेऊन मास्तर बराच वेळ बसून राहिले.

“तुझ्या बापानं त्या चहाचे पैसे मलाही परत दिले होते,” ते म्हणाले. “मी पुडा संपवला होता, तरी दिले. भेसळ करणारा माणूस पैसे परत देत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

मी म्हटले, “मग आला का नाही तुम्ही, मास्तर?”

“कागद छापील होता गं,” मास्तर म्हणाले. “मुलांना जन्मभर सांगत आलो, छापलेलं खरं असतं. नंतर कळलं, तोवर बाकावर यायला तोंड राहिलं नव्हतं.”

गाडीची वेळ झाली. ‘हे’ त्यांना डब्यात बसवून आले. कंपनीने अण्णांचा तोटा किती केला, असे कुणी विचारले तर मी दोन पेट्या चहाची किंमत सांगत नाही. त्या कागदावर सही करणाऱ्या कारकुनाला शिरूर कुठे आहे, हेही ठाऊक नसेल. आलेल्या पत्राला उत्तर गेले, फाइल बंद झाली. इकडे एक बाक रिकामा झाला.

हे सगळे आत्ताच लिहायचे कारण असे. दसऱ्याला नातू घरी आला तो लॅपटॉप घेऊनच. त्याच्या कंपनीच्या एका विजेच्या उपकरणाबद्दल तक्रारी आल्या होत्या. गिऱ्हाइकांना पाठवायचे उत्तर तयार होते.

“आजी, मराठी तेवढं तपासून दे.”

मी चष्मा लावला. आभार होते, आनंद होता, सदिच्छा होत्या. शेवटी वाक्य होते: ‘आपण उपकरण सूचनांप्रमाणे वापरले नसावे.’

“मराठी शुद्ध आहे,” मी म्हटले. “पण तू पाहिलंस का, त्यांनी कसं वापरलं ते?”

“नाही.”

“मग ‘नसावे’ कशावरून?”

“आजी, असंच लिहितात. वरून मसुदा आलाय.”

मी त्याला अण्णांची गोष्ट सांगितली. आजपर्यंत घरात कुणाला सांगितली नव्हती. तो ऐकत होता. मधेच त्याने लॅपटॉप मिटला. गोष्ट संपल्यावर काही बोलला नाही. बशीतला चिवडा तसाच ठेवून गॅलरीत गेला. वाक्य काढायला साहेब तयार होतील की नाही, मला ठाऊक नाही. नवी नोकरी आहे; साहेबांशी वाद घाल, असे मी तरी कुठल्या तोंडाने सांगू?

थोड्या वेळाने गॅलरीतून त्याचा आवाज आला. तक्रार करणाऱ्यांपैकी कुणाला तरी त्याने फोन लावला होता.

“नमस्कार, तुमचं पत्र मिळालं. उपकरणाचं बघूच आपण. आधी मला हे सांगा, घरात कुणाला लागलं-बिगलं तर नाही ना?”

मी चिवड्याच्या बशीवर झाकण ठेवले.